ख्रुस्त: आजेसासूबाईंच्या वहीतलं तळण

११ जानेवारी २०२५, शनिवार

काम काय ते आधी लिहून ठेवते. नवऱ्याच्या आजीच्या, म्हणजे माझ्या आजेसासूबाईंच्या वहीतलं ख्रुस्त दुसऱ्या कुणालाही जमेल अशा रीतीने कागदावर आणायचं. मुदत २७ फेब्रुवारी. यंदा त्या दिवशी त्वुस्ती च्फार्तेक आहे, राखेच्या बुधवारच्या आधीचा गुरुवार. त्या दिवशी पोलंडमध्ये डाएटचं नाव काढणाऱ्याकडे लोक आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आत घरातली चरबी, अंडी, लोणी संपवायचं, असा त्यामागचा जुना हिशोब.

ख्रुस्त म्हणजे अतिशय पातळ लाटलेली पट्टी. मधोमध चीर द्यायची, एक टोक त्या चिरेतून ओढून घ्यायचं, तळायचं आणि वर पिठीसाखर. वॉर्सा, पोझनानकडे यालाच फावोर्की म्हणतात. इथे क्राकूफला फावोर्की म्हटलं तर दुकानदार समजून घेतो, पण मनापासून नाही.

आजेसासूबाई तार्नूफजवळच्या गावात राहतात. बोटांत संधिवात, लाटणं धरवत नाही, पण जीभ आणि नजर दोन्ही शाबूत. तोंडावर आम्ही सगळे त्यांना बाप्चा म्हणतो, म्हणून इथेही तेच लिहीन. त्यांच्या वहीतली कृती अशी:

"५ बलक. श्म्येताना ५ चमचे. स्पिरिटुस १ चमचा. मीठ चिमूट. लोणी अक्रोडाएवढं. पीठ घेईल तेवढं. नीट बडवणे. पातळ. स्मालेत्समध्ये."

एवढंच. (श्म्येताना म्हणजे आंबवलेली साय, स्पिरिटुस म्हणजे शुद्ध अल्कोहोल, स्मालेत्स म्हणजे डुकराची चरबी.) त्याच पानावर खाली कुणाला तरी २० देको सॉसेज आणायची आठवण आहे. (देको म्हणजे १० ग्रॅम. इथे वाण्याकडे अजून याच मापात बोलतात.)

१८ जानेवारी, शनिवार

सामानाचा दिवस. जुन्या शहराला लागून असलेल्या क्लेपाशच्या मंडईत गेले. हाताला भोकं पडावीत अशी थंडी होती.

पीठ: इथे पुड्यावर ४५०, ५००, ५५०, ६५० असे आकडे असतात. पीठ जाळल्यावर उरणाऱ्या राखेचं ते प्रमाण, म्हणजे ४५० ला ०.४५ टक्के. आकडा कमी तितका कोंडा कमी, पीठ पांढरं. ख्रुस्तला ४५० घेतात, केकचं. तेच घेतलं.

अंडी: कवचावरचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो. ० म्हणजे सेंद्रिय, १ मोकळी, २ शेडमध्ये पण पिंजऱ्याबाहेर, ३ पिंजऱ्यातली. विक्रेत्या बाईने स्वतःहून विचारलं, "ख्रुस्तला का?" आणि माझ्या हातातला खोका काढून दुसरा दिला. त्यातले बलक गडद आहेत म्हणाली. तळणाचा रंग त्यावर ठरतो, हे वहीत कुठेच नाही.

श्म्येताना म्हणजे आंबवलेली साय. १२, १८ आणि ३० टक्के स्निग्धांशाची मिळते. १८ ची घेतली. स्पिरिटुस म्हणजे ९५ टक्क्यांचा शुद्ध अल्कोहोल, दारूच्या दुकानात, व्होडकाच्या शेजारी. स्मालेत्स, म्हणजे डुकराची कढवलेली चरबी, लोण्यासारख्या वड्यांत मिळते.

संध्याकाळी आईचा फोन. चरबीचं ऐकून क्षणभर गप्प झाली. "तूप मिळत नाही का गं तिकडे?" मिळतं. चाचणीच्या यादीत तूप घातलं.

२१ जानेवारी, मंगळवार

आज इथे आजीदिन, उद्या आजोबादिन. शाळेतली मुलं आपल्या हातांनी केलेली कार्डं घेऊन आजीकडे जातात. आम्ही व्हिडिओ कॉल केला आणि शुभेच्छांनंतर मी वही उघडून प्रश्न विचारायला बसले.

पीठ नक्की किती? "बलक केवढे आहेत त्यावर."
बडवायचं किती वेळ? "हात भरून आला की अजून थोडं."
पातळ म्हणजे किती? "स्तोल्नित्साच्या लाकडाच्या रेषा आरपार दिसल्या पाहिजेत." स्तोल्नित्सा म्हणजे त्यांचा मोठा चौकोनी लाकडी पाट. टेबलाच्या कडेला अडकावा म्हणून त्याला पुढून पट्टी असते.
चरबी तापली कसं कळतं? "पीठ टाकलं की कळतं."

सासूबाई मागून म्हणाल्या, "तिला ग्रॅममध्ये सांग ना, आई." बाप्चांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मला ही उत्तरं उडवाउडवीची वाटत नाहीत. प्रत्येक उत्तरात एक खूण आहे, आणि चांगली खूण मापापेक्षा जास्त टिकते. स्वयंपाकघर बदलतं, अंडी बदलतात, लाकडाच्या रेषा तशाच राहतात. फक्त ज्याने ती खूण कधी पाहिली नाही त्याला पहिल्यांदा जवळ न्यायला आकडे लागतात. तेवढंच माझं काम.

२५ जानेवारी, शनिवार

आज स्पिरिटुसचा प्रश्न. बलक, श्म्येताना, लोणी सारखं ठेवून तीन गोळे केले. एकात स्पिरिटुस, एकात व्हिनेगर (इथलं साधं व्हिनेगर १० टक्क्यांचं असतं, जरा बेतानेच), एकात दोन्ही नाही.

आधी पिठाचं. ओलं सामान आधी वजनकाट्यावर घेतलं. मध्यम अंड्यांचे ५ बलक साधारण ९० ग्रॅम, श्म्येताना १००, लोणी २०, स्पिरिटुस १५ मिली. सगळं मिळून सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास. त्याच्या १.३ पट, म्हणजे २९० ग्रॅम पिठाने सुरुवात केली की गोळा जवळपास होतो, उरलेलं १०–२० ग्रॅम हाताला विचारून. नुसतं "३०० ग्रॅम पीठ" लिहिण्यापेक्षा हे गुणोत्तर जास्त कामाचं. बलक मोठे निघाले तरी मोडत नाही.

आता निकाल. स्पिरिटुसच्या पट्ट्यांवर फुगे जास्त आले आणि कागदावर तेलाचा डाग सगळ्यांत लहान. व्हिनेगरच्या त्यांच्या अगदी जवळ. दोन्ही नसलेल्या किंचित कडक, पण टाकाऊ मुळीच नाहीत. कारण सरळ आहे. अल्कोहोलमध्ये ग्लुटेन धरत नाही, त्यामुळे गोळा मऊ राहतो. शिवाय अल्कोहोल ७८ अंशांना उकळतो, पाण्याच्या कितीतरी आधी. गरम चरबीत पडल्या पडल्या त्याची वाफ होते आणि पापुद्रा उचलला जातो. चव किंवा वास काहीच उरत नाही.

तरी माझं मत असं झालंय की ख्रुस्त चांगलं झालं की लोक श्रेय स्पिरिटुसला देतात, कारण बाटली दाखवता येते. खरं काम दुसरीकडे आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार

खरं काम बडवण्यात आहे. आजचा सगळा दिवस त्यात गेला.

गोळा थोडा चपटा करायचा, लाटण्याने धपाधप हाणायचा, घडी घालायची, फिरवायचा, परत हाणायचा. चिरोट्यांचा रवा भिजवून आजी पाट्यावर वरवंट्याने कुटून घ्यायची, अगदी तसंच. गोळा सुरुवातीला कोरडा, खरबरीत असतो आणि प्रत्येक घडीला कडा फाटतात. पाचेक मिनिटांनी त्या जुळायला लागतात. दहा मिनिटांनी पृष्ठभाग चामड्यासारखा गुळगुळीत होतो. पंधराव्या मिनिटाच्या आसपास सुरीने आडवा कापला तर आत बारीक बारीक हवेचे पोकळ कप्पे दिसतात. हीच ती खूण. बाप्चा "हात भरून आला की अजून थोडं" म्हणतात, त्याचा घड्याळातला अर्थ १५ मिनिटं.

नुसतं मळून हे होत नाही का? अर्धा गोळा नुसता मळला, अर्धा बडवला. मळलेल्याची पट्टी तळताना सपाट राहिली, बिस्किटासारखी. बडवलेलीवर फोड आले, पापुद्रे सुटले. मळण्याने पीठ फक्त एकजीव होतं. बडवून घडी घातली की हवा थरांमध्ये अडकते, आणि तळताना तीच फुगते. इथे घरोघरी ख्रुस्तची परीक्षा फोडांवरच होते. गुळगुळीत निघालं तर पाहुणे काही बोलत नाहीत, दुसरं उचलतही नाहीत.

सासूबाईंची पळवाट: बडवण्याऐवजी गोळा मटण खिमा करायच्या यंत्रातून दोनदा काढायचा. इथे बऱ्याच बायका करतात. करून पाहिलं. फोड येतात, पण लहान आणि सगळीकडे सारखे. हातात ताकद नसेल तर उत्तम उपाय. बाप्चांच्या घरी हा विषय काढायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलंय.

एक व्यवहाराची गोष्ट: फ्लॅटमध्ये रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची पद्धत आहे, त्यामुळे हे काम दिवसाच. दुपारी खालच्या मजल्यावरचे काका वर आले. मी माफी मागायच्या तयारीत, तर ते म्हणाले, "ख्रुस्त ना? आमच्याकडे कुणी बडवत नाही हल्ली." नमुन्याची ताटली त्यांच्याकडे गेली.

बडवल्यावर गोळा झाकून तासभर बाजूला ठेवायचा. लगेच लाटला तर रबरासारखा मागे येतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

लाटणं. लिहिण्यासारखं थोडंच. १ मिलिमीटर किंवा त्याहून कमी, एका वेळी गोळ्याचा चौथा भाग, बाकीचा झाकलेला. पट्ट्या ३ सेंटिमीटर रुंद, १० लांब, तिरक्या कापल्या तर टोकं छान दिसतात. इथे यासाठी नागमोडी चाकाचं हत्यार असतं. माझ्याकडे कोल्हापूरहून आणलेलं करंजीचं कातण आहे, ते चालतं. कापलेल्या पट्ट्या ओल्या नव्हे, पण झाकलेल्या ठेवायच्या. वारा लागला की वर पापडी धरते आणि फोड येत नाहीत.

वरून सुकं पीठ भुरभुरून लाटायचं नाही. सुटं पीठ चरबीत पडून जळतं आणि पुढची सगळी घाणी तपकिरी ठिपक्यांची निघते. गोळा नीट बडवलेला असेल तर पाटाला चिकटतच नाही.

पास्ता लाटायचं यंत्रही वापरून पाहिलं. झटपट, एकसारखं, आणि जरा निर्जीव.

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्निग्धाचा दिवस. स्मालेत्स, सरकीऐवजी इथलं रेपसीडचं तेल, आणि आईसाठी तूप. प्रत्येकात एकाच गोळ्याच्या पट्ट्या, थर्मामीटर १७५ ते १८०.

आधी तापमान, कारण तिथे सगळेच फसतात असं दिसतं. १६० ला पट्टी हळू फुगते आणि तोवर चरबी पिते. तळताना पदार्थातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं, त्या वाफेचा जोर असतो तोवर चरबी आत शिरत नाही. तापमान कमी म्हणजे जोर कमी. १९० च्या वर गेलं की कडा काळ्या आणि मधला पीळ कच्चा, शिवाय स्मालेत्स तिथून धुरायला लागतं. १७५ ला एक बाजू वीस-पंचवीस सेकंद, लाकडी काडीने एकदाच उलटायची, दुसरी बाजू त्याहून कमी. रंग कोवळ्या सोन्याचा झाला की बाहेर. बाहेर आल्यावरही अर्धी छटा चढते.

तेवढंच महत्त्वाचं तळून काढल्यानंतरचं मिनिट. आतली वाफ थंड होऊन आकसते आणि वर चिकटलेली चरबी आत ओढून घेते. म्हणजे तळण तेलकट होतं ते बरंचसं कढईबाहेर. म्हणून झाऱ्यावर क्षणभर निथळून लगेच कागदावर, एकावर एक न रचता.

बाप्चा चरबीत सोललेल्या कच्च्या बटाट्याची चकती सोडतात, ती काळपट झाली की दुसरी. इथल्या जुन्या बायकांची ती रीत आहे. जळके कण तिला चिकटतात असं त्या म्हणतात. मला उघड दिसलेला फायदा असा की चकती बुडबुडत असताना घाण्यांच्या मधल्या वेळात चरबी एकदम चढत नाही.

चवीचा निकाल: स्मालेत्समधलं सगळ्यांत कोरडं आणि खुसखुशीत, कारण ही चरबी थंड झाली की गोठते, बोटाला तेल लागत नाही. तेलातलं हलकं, पण दुसऱ्या दिवशी वास बदलतो. तुपातलं मला फार आवडलं. रंग सुरेख, वास तर काय सांगावा. पण ते ख्रुस्त राहत नाही. डोळे मिटून खाल्लं तर दिवाळीच्या फराळाचं ताट समोर येतं. नवऱ्याने तुपातलं सगळ्यांत जास्त खाल्लं आणि मत स्मालेत्सला दिलं.

शाकाहारी वाचणाऱ्यांसाठी: तूपच घ्या. पदार्थ वेगळा होतो, वाईट होत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

फ्रीजमध्ये अंड्यांच्या पांढऱ्याचे डबे साचलेत. मेरिंग केली. परत मेरिंग केली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाप्चांकडे, गावाला. गोळा त्यांच्या स्तोल्नित्सावर, त्यांच्या देखत. त्या खुर्चीत, मी उभी.

त्यांनी पहिली पट्टी खिडकीकडे धरून उजेड बघितला, तळलेली कानाजवळ नेऊन मोडली. मग म्हणाल्या, "चीर लांब देतेस. पीळ सैल पडतो." खरंच, १० सेंटिमीटरच्या पट्टीला मी निम्मी चीर देत होते. त्यांची असते जेमतेम ३ सेंटिमीटर. पीळ घट्ट बसला की मधला भाग दाट राहतो आणि कडा उघडतात, एकाच तुकड्यात दोन प्रकारची कुरकुर. वहीत "पातळ" एवढंच होतं. ही गोष्ट हात हातात घेतल्याशिवाय कळणारी नव्हती.

साखर गरम असतानाच, चाळणीने, वर व्हॅनिला. पार थंड झाल्यावर भुरभुरली तर धरत नाही, खाणाऱ्याच्या स्वेटरवर जाते.

दुपारी शेजारीण आली. मी कोल्हापूरची म्हटल्यावर तिने "वळिवडे?" असं विचारलं. तिची मोठी आत्या लहानपणी तिथे होती. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. जवळजवळ ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानात हाकललं होतं. तिथून सुटका झाल्यावर इराणमार्गे ती भारतात आली. छावणीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. तिने विचारलं, त्या बराकी अजून आहेत का? सांगितलं, पोलिश लोक गेल्यावर फाळणीतले सिंधी निर्वासित तिथे वसले, आज ते गांधीनगर आहे, कापडाची मोठी घाऊक पेठ. आमच्या घरच्या लग्नाचा बस्ता तिथूनच आणलाय. हे ऐकून तिला फार गंमत वाटली. निघताना पिशवीभर ख्रुस्त घेऊन गेली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज महाशिवरात्र आणि उद्या त्वुस्ती च्फार्तेक. पंचांगाने यंदा चांगलीच थट्टा केली. माझा उपवास, समोर बलक, लोणी, चरबी. साबुदाण्याची खिचडी खाऊन दोन गोळे बडवले आणि फिल्ममध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवले. उद्या लाटण्याआधी तासभर बाहेर काढायचे. थंड गोळ्याच्या कडा फाटतात.

नवऱ्याला चव बघायला बसवलं. त्याने हे काम फार गांभीर्याने केलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सहा वाजता कढई ठेवली. नवरा ऑफिसला डबा घेऊन गेला. इथे या दिवशी ऑफिसात पोंच्कीचे खोके असतातच. पोंच्की म्हणजे आत गुलाबाचा मुरंबा घातलेले यिस्टचे तळलेले गोळे. त्या दिवशी एकही पोंचेक खाल्लं नाही तर वर्ष वाईट जातं असं म्हणतात, त्यामुळे बेकऱ्यांसमोर पहाटेपासून रांगा. वॉर्सात १८६९ पासून चालू असलेल्या ब्लिक्लेच्या दुकानापुढची रांग तर दरवर्षी बातम्यांत दिसते. क्राकूफची जुनी तऱ्हा वेगळी होती: या गुरुवारी बाजारातल्या विक्रेत्या बायका मुख्य चौकात नाचगाणं करत आणि हाती लागेल त्या पुरुषाला ओढून नाचवत. एकोणिसाव्या शतकात ते बंद पडलं. क्लेपाशच्या आजच्या बायका बघता ते पुन्हा सुरू व्हायला हरकत नाही.

घाण्या सुरळीत निघाल्या. एका वेळी कढईत चार-पाचच पट्ट्या, जास्त टाकल्या की थर्मामीटर १६० कडे घसरतो. खालच्या मजल्यावर ताटली, समोरच्या दारी ताटली. बाप्चांकडे खोका सासूबाई घेऊन गेल्या. निरोप आला: "चीर बरी आहे." इतर काही नाही.

१ मार्च, शनिवार

भाचीला पाठवलेली कृती:

मध्यम अंड्यांचे बलक ५, श्म्येताना (१८ टक्के) १०० ग्रॅम, मऊ लोणी २० ग्रॅम, स्पिरिटुस किंवा व्हिनेगर १ मोठा चमचा, मीठ चिमूट. हे सगळं एकत्र वजन करून त्याच्या १.३ पट ४५० नंबरचं पीठ, पुढे हाताने अंदाज. मळून १५ मिनिटं बडवणे, कापल्यावर आत कप्पे दिसेपर्यंत. झाकून एक तास. लाकडाच्या रेषा दिसतील इतकं पातळ लाटणे. ३ बाय १० सेंटिमीटरच्या पट्ट्या, ३ सेंटिमीटर चीर, टोक आतून काढणे. स्मालेत्स १७५ ते १८०, एक बाजू वीस-पंचवीस सेकंद, दुसरी त्याहून कमी. निथळून कागदावर, गरम असताना साखर. पुठ्ठ्याच्या खोक्यात आठवडाभर राहतं. हवाबंद प्लास्टिकमध्ये नको, मऊ पडतं.

भाचीचं उत्तर: "बडवण्याचा व्हिडिओ पाठव." रास्त मागणी.

४ मार्च, मंगळवार

उद्या राखेचा बुधवार. आज शेवटच्या रात्री हेरिंग मासे खायची पद्धत, तेव्हा टेबलावर कांद्यातलं हेरिंग. ख्रुस्तच्या खोक्यात फक्त साखर उरली आहे.

स्मालेत्स फडक्यातून गाळून बरणीत भरलं. रंग अजून हलका आहे, बटाटे परतायला चालेल, गोड तळायला नाही.

पुढचं काम पोंच्की, पण त्याची सुरुवात जूनमध्ये. मुरंब्याला बागेतला साधा गुलाब चालत नाही, सुरकुतलेल्या पानांचा, उग्र वासाचा रानगुलाब लागतो. बाप्चांच्या कुंपणाला आहे. फुलं सकाळी, दव वाळल्यावर खुडायची, आणि साखरेत घोटण्याआधी प्रत्येक पाकळीचं पांढरं टोक कात्रीने कापायचं. ते कडू असतं.